बिरड्याचा रोजा

तळहाताएवढी पिवळी कार्डं होती ती. न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाची दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीबाहेर जुलैचं ऊन, आणि आत एसी इतका की निम्म्याजणींनी पहिल्या दहा मिनिटांतच पिशवीतून स्वेटर काढले. आम्ही चोवीसजण, सगळे शाळांत शिकवणारे. कुणी इतिहासाचे, कुणी इंग्रजीचे, एक ग्रंथपाल. ज्यूंचा इतिहास आणि वंशसंहार वर्गात कसा शिकवावा, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण. सुरुवात नकाशाने होईल, नाहीतर सनावळीने, असं मी धरून चालले होते. प्रशिक्षक बाई साठीच्या पुढच्या, आखूड पांढरे केस, आवाज हळू. त्यांनी कुणाचं नाव-गाव विचारलं नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कार्ड ठेवत गेल्या आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं आहेत. ज्यू लोकांविषयी तुम्हाला जे जे माहीत आहे ते लिहा. आठवेल तसं."

मी भराभर लिहिलं. हिटलर. ऑशविट्झ. गॅस चेंबर. ६० लाख. पिवळा तारा. वॉर्सॉचा घेट्टो. न्यूरेंबर्गचे खटले. दोन मिनिटं संपायच्या आत माझं पेन खाली होतं आणि मनात थोडं समाधानही होतं. आठवीच्या वर्गाला हा भाग मी सहा वर्षं शिकवत होते. लिहायला आठवावं लागलंच नाही.

बाईंनी कार्डं गोळा केली. एकेक वाचायच्या आणि टेबलावर ठेवायच्या, काही डावीकडे, काही उजवीकडे. बोलल्या काहीच नाहीत. शेवटचं कार्ड ठेवून झालं तेव्हा डावीकडे चांगली जाड चळत होती आणि उजवीकडे फक्त दोन कार्डं. त्यांनी डाव्या चळतीवर हात ठेवला. "या कार्डांवर ज्यू मरताहेत." मग उजवीकडची दोन उचलली. "इथे ते जगताहेत." आणि पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

कॉफीचा कागदी कप घेऊन मी खिडकीशी उभी राहिले. बोलायची इच्छा नव्हती. खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवरून ऊन परतत होतं. आणि तिथे, त्या परक्या गारठ्यात, कुठल्या कुठे मला खोबरेल तेलावर जळणाऱ्या वातीचा वास आठवला. इतका स्पष्ट की मी कप खाली ठेवला.

मी अलिबागची आहे.

इस्राएल आळीच्या तोंडाशी आमचं भाड्याचं घर होतं. समोरच्या ओट्यावर आजी बसायच्या. नऊवारी लुगडं, गळ्यात काळी पोत, बोलणं आमच्या आजीसारखंच, उलट तिच्याहून ठसठशीत. शुक्रवारी दिवेलागणीला त्या काचेच्या पेल्यात पाणी घालायच्या, त्यावर तेल, तेलात वात. आमच्याकडे त्याच वेळी शुभंकरोति चाललेलं असायचं. दोन्ही दिवे रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना दिसायचे. त्यांच्या दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक नळी तिरकी ठोकलेली होती. येताजाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायची. माझा हात पोचायचा नाही, म्हणून आजी मला काखेत धरून उचलायच्या. काळ्या मनुकांचं सरबत मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा प्यायले. नवस फेडला की मलिदा यायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याचे काप आणि खजूर. मलिदा आला की एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव यायचं. सागावजवळच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्याच्या टापा उमटल्या आहेत हे आम्हा सगळ्या मुलांना माहीत होतं, जसं कनकेश्वराच्या पायऱ्या माहीत होत्या. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली आजींच्या पूर्वजांची सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारची सुट्टी, हे तर अलिबागेत कुणी कुणाला शिकवायला लागत नाही.

आणि वर्षातून एक दिवस, भर पावसाळ्यात, आजी ओट्यावर दिसायच्या नाहीत. आत जमिनीवर बसलेल्या असायच्या. रेडिओ बंद. आई आम्हाला सांगायची, आज तिकडे दंगा करू नका, त्यांचा बिरड्याचा रोजा आहे. आदल्या दोन दिवसांत वाल भिजत पडलेले असायचे, मोड आलेले. ते सोलायला मी जायची. कोमट पाण्यात बोटं सुरकुतायची, साल चिमटली की वाल टपकन ताटलीत पडायचा. बोटांना तो कडवट हिरवा वास रात्रीपर्यंत राहायचा. मी एकदा विचारलं होतं, रोजा कशासाठी? आजी सोलता सोलता म्हणाल्या, "आमचं देऊळ पडलं ना." मला वाटलं, रेवदंड्याकडचं एखादं देऊळ पावसात खचलं असेल. मी हळहळले आणि पुढचा वाल उचलला. ते देऊळ रोमनांनी जेरुसलेममध्ये इसवी सन ७० मध्ये पाडलं होतं, हे मला फार नंतर कळलं. एकोणीसशे वर्षांमागचं दुःख ती बाई अशा सुरात सांगत होती, जणू कालच्या वाऱ्यात घराची कौलं उडाली.

यातलं काहीही मी कार्डावर लिहिलं नव्हतं.

अज्ञान असतं तर इतकं लागलं नसतं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही, हे पाचही दिवस टोचत राहिलं. विद्यापीठातून घरी यायला चाळीस मिनिटं लागत. त्या चाळीस मिनिटांत मी याचाच विचार करायची. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. आमच्या आळीत 'ज्यू' हा शब्द नव्हताच. इस्राएल होते, बेने इस्राएल होते, जुनी माणसं शनवार तेली म्हणायची. 'ज्यू' हा शब्द शाळेच्या पुस्तकातला, दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यातला. तो धड्यात यायचा आणि त्याच धड्यात मरायचा. हिटलरच्या उदयाची कारणं मी पाच मुद्द्यांत घडाघडा लिहायची आणि पैकीच्या पैकी गुण घ्यायची. कडक शिस्तीच्या सरांना आम्ही 'अगदी हिटलर आहेत' म्हणायचो आणि त्यात धाकापेक्षा कौतुक जास्त असायचं. एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेला असायचा, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटलं नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाने 'माझा आवडता नेता' या निबंधात हिटलर लिहिला होता आणि तो निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर आजींची नात बसायची. तिने त्या वेळी काय केलं, खाली पाहिलं की खिडकीबाहेर, मला आठवत नाही. मी तिच्याकडे पाहिलंच नसणार.

पुस्तकातला ज्यू आणि ओट्यावरच्या आजी माझ्या डोक्यात चाळीस वर्षं शेजारी शेजारी राहत होते आणि त्यांची ओळख झाली नव्हती.

न्यू जर्सीत हा विषय शिकवणं शिक्षकाच्या मर्जीवर नाही. १९९४च्या एप्रिलमध्ये इथे कायदा झाला आणि प्राथमिक ते माध्यमिक, सगळ्या सरकारी शाळांत होलोकॉस्ट आणि इतर वंशसंहारांचं शिक्षण सक्तीचं झालं. त्याच एप्रिलमध्ये रुआंडात तुत्सींची कत्तल सुरू झाली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. कायद्यावरची शाई वाळत होती तेव्हा ते चाललं होतं, हे मला दर वर्षी तो धडा काढताना आठवतं. पण कायदा विषय सक्तीचा करू शकतो, शिक्षकाला तो पेलता येईल याची सोय कायद्याने आपोआप होत नाही. माझ्यासारखी बाहेरून आलेली इतिहासाची शिक्षिका, हातात पाठ्यपुस्तक, आठवड्याचे पाच तास आणि समोर तेरा वर्षांची अठ्ठावीस मुलं. पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगते. ते कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

मी वर्गाच्या फरशीवर चिकटपट्टीने एक लांबट चौकोन आखला. मालगाडीचा डबा. सगळ्या मुलांना त्यात उभं केलं, दिवे घालवले आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. मुलं आधी खिदळली, मग गप्प झाली. तिसऱ्या मिनिटाला एक मुलगी रडायला लागली. मी दिवे लावले, तिला जवळ घेतलं. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, आज खरं शिकवलं. धडा मुलांच्या काळजापर्यंत गेला. पुढच्या वर्षीही मी तोच चौकोन आखला.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि खरं म्हणजे दाद मिळेल अशा अपेक्षेनेच सांगितलं. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "ती मुलगी का रडली, तुम्ही तिला विचारलंत?" मी विचारलं नव्हतं. "अंधाराला घाबरली असेल. कुणी चिमटा काढला असेल. घरी काही झालं असेल. ती ज्यूंसाठी रडली असं आपण धरून चाललो, कारण आपल्याला तसं हवं होतं." त्या पुढे म्हणाल्या की पाच मिनिटं चौकोनात उभं राहून मूल घरी जातं, जेवतं आणि त्याला वाटतं, ते काय होतं हे मला कळलं. त्याला कळलेलं नसतं. कळणं शक्यच नसतं. आणि जे खरोखर त्या डब्यात होते त्यांचा अनुभव आपण एक खेळ करून टाकतो. हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. जेवणाच्या सुट्टीत कळलं की त्यांची आई लोड्झच्या घेट्टोतून, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, तशाच एका डब्यातून ऑशविट्झला गेली होती आणि परत आली होती. हे त्यांनी माझ्यासमोर ढाल म्हणून वापरलं नाही. दुसऱ्या कुणी विचारलं म्हणून सांगितलं.

त्या पाच दिवसांत शिकलेलं बरंचसं असं होतं: काय करायचं नाही. प्रेतांच्या राशींच्या फोटोंनी सुरुवात करायची नाही. मुलांना त्या विषयात हात धरून न्यायचं आणि हात धरूनच बाहेर आणायचं. 'ते लढले का नाहीत' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचं नाही. जे झालं ते अटळच होतं असं कधी म्हणायचं नाही, कारण प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी ठरवत होतं: कारकून, शेजारी, इंजिन ड्रायव्हर, शाळेतला शिक्षक. फोटो दाखवायचा तर आधी विचारायचं, हा काढला कुणी? वॉर्सॉमधला तो टोपीवाला मुलगा, दोन्ही हात वर केलेला, जगभर सगळ्यांनी पाहिलेला. तो फोटो जर्मनांच्या बाजूने काढलेला आहे. घेट्टो नष्ट केल्याचा जो अहवाल नाझींच्या एसएस दलातल्या अधिकाऱ्याने वर पाठवला, त्यात तो चिकटवलेला होता. सहा वर्षं मी तो भिंतीवर लावत होते. म्हणजे सहा वर्षं माझी मुलं त्या मुलाकडे बंदूक धरणाऱ्यांच्या बाजूला उभी राहून बघत होती.

शब्दांवर एक अख्खी सकाळ गेली आणि ती माझी सगळ्यात आवडती सकाळ. 'होलोकॉस्ट' हा ग्रीक शब्द. अर्थ, देवाला पूर्ण जाळून अर्पण केलेला बळी. मी वहीत मराठीत लिहिलं: आहुती. आणि थबकले. आपण किती सहज लिहितो, इतक्या लाखांची आहुती पडली. आहुती म्हटलं की यज्ञ आला, यजमान आला, फळ आलं. इथे कुणाचा यज्ञ आणि कसलं फळ? म्हणून पुष्कळ ज्यू 'शोआ' हा हिब्रू शब्द वापरतात: अनर्थ, विध्वंस. त्यात देवाला काही अर्पण केलेलं नाही. मग राफाएल लेमकिन आला. १९०० साली जन्मलेला पोलिश ज्यू वकील. नाझी आल्यावर वॉर्सॉतून निसटला, १९४१मध्ये अमेरिकेत पोचला. आईवडिलांसकट त्याच्या नात्यातली ४९ माणसं मारली गेली. जे चाललं होतं त्याला जगातल्या कुठल्याच कायद्यात नाव नव्हतं, म्हणून त्याने शब्द बनवला, अर्धा ग्रीक अर्धा लॅटिन: जेनोसाइड. १९४४मध्ये तो छापला आणि ९ डिसेंबर १९४८ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार मंजूर केला. मराठीत आपण नरसंहारही म्हणतो आणि वंशसंहारही, आणि वर्तमानपत्रात दोन्ही एकाच अर्थाने छापतो. लेमकिनला जे म्हणायचं होतं ते 'वंश'मध्ये आहे. माणसं मारणं हा त्यातला एक भाग. भाषा, शाळा, ग्रंथ, सण, एका समाजाने समाज म्हणून जगण्याचे सगळे धागे तोडणं, हे त्याच्या मनात होतं. म्हणजे काय तुटलं हे सांगायचं तर आधी धागे दाखवावे लागतात. पिवळ्या कार्डांच्या दोन चळतींचा अर्थ मला त्या सकाळी पुरता कळला.

त्या सकाळी मी उत्साहाने हात वर करून बेने इस्राएलांबद्दल बोलले. गलबत, घाणे, शनिवार. सगळे कान देऊन ऐकत होते. शेवटी मी म्हणाले, आमच्या देशात ज्यूंचा छळ कधीही झाला नाही. हे वाक्य आपण सगळेच अभिमानाने म्हणतो, आणि अलिबागपुरतं ते खरंच आहे. संध्याकाळी घरी येऊन वाचत बसले तेव्हा गोवा आठवला. गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगालहून आलेला वैद्य, घराणं बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापलं गेलं. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. तो मेल्यावर १५६९मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं. १५८०मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. करणारे पोर्तुगीज होते, पण जमीन आमचीच. दुसऱ्या दिवशी मी माझं वाक्य परत घेतलं आणि हे सांगितलं. अभिमान कमी झाला असं नाही, पण तो आता 'कधीही' म्हणत नाही.

चौथ्या दिवशी बाईंनी एका शिक्षकाची गोष्ट सांगितली. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी वॉर्सॉच्या घेट्टोत गुप्तपणे एक दप्तर जमवायला सुरुवात केली होती. डायऱ्या, पत्रं, रेशनची कूपनं, मुलांचे निबंध, विनोद, पोस्टर, जे हाती लागेल ते. मंडळी शनिवारी जमत, म्हणून नाव 'ओनेग शब्बात', शब्बाथचा आनंद. (शनिवार ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं.) २२ जुलै १९४२ला घेट्टोतून माणसं गाड्यांत भरून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवायला सुरुवात झाली, दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त. तेव्हा दप्तर पुरायचं ठरलं. ते काम इस्राएल लिख्टनश्टाइन या शिक्षकाकडे होतं. नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या शाळेच्या तळघरात त्याने आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी, दाविद ग्राबर आणि नाखुम ग्झिवाच, पत्र्याचे दहा डबे पुरले. दाविद एकोणीस वर्षांचा, नाखुम अठरा. पुरण्याआधी तिघांनीही आपापली चिठ्ठी आत ठेवली.

लिख्टनश्टाइनने लिहिलं की मला आभार नकोत, स्मारक नको. माझी बायको चित्रकार आहे, तिची आठवण ठेवा. माझी मुलगी मार्गालित वीस महिन्यांची आहे, तिची ठेवा. आणि मग, मरण दाराशी असताना, एका बापाने आणि शिक्षकाने हेही लिहिलं की ती यिद्दिश अगदी शुद्ध बोलते. बाई हे वाचताना थांबल्या नाहीत, पण आम्ही सगळे त्या ओळीपाशी थांबलो. नाखुमने लिहिता लिहिता ऐकलं की त्याच्या आईवडिलांची चाळ वेढली आहे. त्याने लिहिलं, मी त्यांच्याकडे पळत निघालोय, माझं काय होईल माहीत नाही. लक्षात ठेवा, माझं नाव नाखुम ग्झिवाच.

डबे १९४६मध्ये सापडले. नंतर पुरलेले दुधाचे दोन कॅन १९५०मध्ये सापडले. तिसरा साठा आजवर सापडलेला नाही. लिख्टनश्टाइन, त्याची बायको, शुद्ध यिद्दिश बोलणारी मार्गालित, दोघे विद्यार्थी, कुणी उरलं नाही. बाई म्हणाल्या, "मी हे शिकवते तेव्हा एवढंच म्हणते की हे एका शाळेचं काम होतं. एक मास्तर आणि दोन मुलं."

इथे एक गोष्ट लिहायला हवी, कारण ती मला अजून सुटलेली नाही. मागच्या वर्षी इथल्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका मैत्रिणीने विचारलं, तू मुलांना ज्यूंचंच इतकं का शिकवतेस? आपल्या फाळणीचं कुणी शिकवतं का? तिचे आजोबा कराचीहून आलेले. प्रश्न टोमण्याचा नव्हता, तिचे डोळे भरले होते. मला प्रशिक्षणातलं वाक्य आठवत होतं: घटनांची तुलना करा, दुःखांची करू नका. पण हातात मोदकाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला असं वाक्य सांगता येत नाही. माझ्या वर्गात एक आर्मेनियन घरातली मुलगी आहे. तिची पणजी १९१५च्या आर्मेनियन वंशसंहारात सीरियाच्या वाळवंटाच्या वाटेवरून वाचली. एका सहकाऱ्याचे आईवडील ख्मेर रूजच्या कंबोडियातून पळून आले. कायद्यात या सगळ्यांना जागा आहे, आणि जागा आहे म्हणूनच आठवड्याच्या पाच तासांत कुणाला किती, हा हिशेब मला करावा लागतो आणि तो करताना हात कापतो. फाळणीवर मी मुलांसाठी मजकूर गोळा करते आहे. चोवीस पानं झाली. मनासारखं अजून एकही नाही. प्रत्येक पानावर मला कुणाची तरी बाजू घेतलेली दिसते, आणि मग मी ते बाजूला ठेवते. मैत्रिणीला मी त्या दिवशी फक्त म्हणाले, आजोबांकडून लिहून घे. ते गेले गं, ती म्हणाली.

शेवटच्या दुपारी, खुर्च्या एकावर एक रचत असताना, प्रशिक्षक बाई म्हणाल्या की आज सूर्यास्तापासून त्यांचा उपास आहे. तिशा बआव. देऊळ पडल्याचा दिवस. काहीजण त्या दिवशी शोआचीही आठवण करतात, त्या म्हणाल्या, कारण १९४२मध्ये वॉर्सॉतून पहिली गाडी सुटली ती याच उपासाच्या आदल्या दिवशी. मी हातातली खुर्ची तशीच धरून उभी राहिले. मग त्यांना बिरड्याचा रोजा सांगितला. वाल कसे भिजवतात, मोड कसे येतात, सोलायचे कसे, आजी जमिनीवर कशा बसायच्या. 'बिरडं' हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. ड त्यांच्या जिभेवर बसेना. त्यांनी पर्समधून एक कोरं पिवळं कार्ड काढलं, माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं.

रात्री आईला फोन लावला. अलिबागेत सकाळ झाली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आई म्हणाली, अगं, आम्ही सगळ्याजणी त्यांना मुलाच्या नावाने, अमक्याची आई, असंच म्हणायचो. तुम्ही मुलं आजी म्हणायचात. नाव कुणी घेतलंच नाही. त्या मुलाकडे इस्राएलमधल्या लोदला गेल्या, तू सातवीत होतीस. जाताना पाटा-वरवंटा आपल्याला देऊन गेल्या, तो आहे अजून. मग थोडा वेळ ती गप्प होती. म्हणाली, थांब, मी बघते.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला. आई आळीत जाऊन आली होती. आता तिथे मोजकी घरं उरली आहेत. एका घरातल्या वयस्क बाईंना आठवलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं, त्यांनी इस्राएलला फोन केला. आईचा श्वास लागला होता, चालून आल्याचा की कशाचा ते कळेना. "पेन आहे का जवळ?" तिने विचारलं, आणि नाव सांगितलं. पहिलं नाव, मग माहेरचं आडनाव, मग सासरचं, दोन्ही गावांवरून पडलेली, शेवटी 'कर'. मी अंधारातच ते कार्डावर लिहिलं. मग आई म्हणाली, आणि लिहून ठेव, त्या बिरड्यात गूळ घालायच्या नाहीत. नुसतं आमसूल आणि वरून खोबरं. तुला ते आवडायचं नाही, तरी तू दर वर्षी खायचीस.